रिकाम्या ताटावरची शिकवणी

आसगावातल्या त्या मरणाची पहिली शंका मला जर्मनीहून आली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. अंगणात आरसा टेकवून दाढी करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाचा होता. हिरामणभाऊंची ही एकुलती मुलगी तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. "काका, बाबा फोन उचलत नाहीयेत. ड्युटीवर जायच्या आधी आम्ही रोज बोलतो. जरा पाहून येता का?" तिचा आवाज साधाच होता, म्हणून मीही साधेपणानेच निघालो. अर्ध्या गालावरचा साबण पुसला, चप्पल घातली, तलावाच्या पाळीवरून चालत विहारामागच्या ओळीत त्यांच्या घरापाशी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हिरामणभाऊ बाजेवर कुशीवर झोपले होते, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी फोन वाजत होता. प्रज्ञाच पुन्हा लावत होती. तो फोन मी उचलला... पुढे तिला काय सांगितलं, कुठल्या शब्दांत, ते मला आज आठवत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच, त्रास झाला नसावा.

माणसं जमू लागली तसा मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर एक गंज होता, वर झाकणी. उचलून पाहिलं तर आत धुतलेले तांदूळ, वर मोजून घातलेलं पाणी. गॅस पेटवलेलाच नव्हता. रात्रभर भिजून तांदूळ फुगले होते. मी झाकणी परत ठेवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो. त्या तांदळांबद्दल मी त्या दिवशी कोणाशी बोललो नाही. आता धानाची रोवणी सुरू झाली, गावात लोकांना दुसऱ्या विषयावर बोलायला फुरसत नाही, आणि मला मात्र त्या गंजावरची झाकणी सोडून दुसरं काही दिसत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हिरामणभाऊ भूगोल शिकवायचे, मी इंग्रजी शिकवतो. कोंढ्याच्या शाळेत आम्ही कितीतरी वर्षं एकाच मोटारसायकलवरून गेलो. गाडी त्यांची, चालवायचे तेच, कारण माझ्या चालवण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. फळ्यावर खडू न उचलता ते युरोपचा नकाशा काढत. जर्मनीत आले की एक रेघ खालून वर न्यायचे आणि पोरांना सांगायचे, "आपली वैनगंगा खाली जाते, ही ऱ्हाईन वर जाते. पाण्याची उलटी चाल नोहे, उताराची गोष्ट आहे." त्याच नदीकाठच्या गावात पुढे आपली पोरगी राहील, मार्टिन नावाच्या पोराशी लग्न करेल, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नसेल. ते माझ्यापेक्षा मोठे, मी 'भाऊ' म्हणून 'तुम्ही' म्हणायचो, ते मला 'वामन' म्हणत, आणि खुशीत असले की 'काय गा'. त्यांच्या पत्नी, शांतावहिनी गेल्या, त्यानंतर ते निवृत्त झाले, आणि मग घरात ते एकटेच उरले. तलावाच्या पाळीवर सकाळी फेरी, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी माझी ओसरी. एवढंच.

मागच्या हिवाळ्यात प्रज्ञाने हट्टच धरला, बाबा, या उन्हाळ्यानंतर तुम्ही इकडे यायचं, राहायचं. विमानाला ते घाबरत नव्हते. घाबरत होते विहीणबाईंना. मार्टिनची आई म्हातारी, एकटी, पोराच्या घराजवळच राहते आणि संध्याकाळी जेवायला यांच्याकडे येते. तिला इंग्रजी जेमतेम. प्रज्ञा म्हणाली, बाकी दिवसभर तुम्ही एकमेकांना दिसणारही नाही, जे बोलायचं ते जेवणाच्या टेबलावरच, तेव्हा जेवणापुरतं तरी जर्मन शिका. ती व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात वाक्यं पाठवायची. हिरामणभाऊ ती फोन कानाला लावून ऐकायचे, देवनागरीत लिहून काढायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे आणायचे. मला जर्मन येत होतं असं नाही. पण इंग्रजीचा मास्तर म्हणजे सगळ्या गोऱ्या भाषा याला थोड्याथोड्या येत असणार, असा त्यांचा समज होता, आणि तो मी मोडला नाही.

पहिल्याच दिवशी प्रज्ञाने एक लांबलचक निरोप पाठवला होता. तो त्यांनी मला फोन मोठा करून ऐकवला. ती म्हणत होती की बाबा, इथे जेवायला एकदाच विचारतात. आपण नको म्हटलं की ते नको खरंच मानतात, भांडं उचलून नेतात, आणि त्यांना वाटतं की आपण पाहुण्याचा मान राखला. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. तेव्हा बाकी काही आलं नाही तरी चालेल, आधी 'हो' म्हणायला शिका. विहीणबाई विचारतील, "म्योश्टन झी एट्वास एसन?" म्हणजे काही खाणार का? त्यावर लगेच म्हणायचं, "या, गेर्न." हो, आनंदाने.

इकडची रीत वाचणाऱ्यांना सांगायला नको. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्या विचारण्याला हो म्हटलं तर तो अधाशी ठरतो, आणि घरच्याने पहिल्या नाहीवर विचारणं सोडलं तर तो चिकट ठरतो. पहिलं नाही हे नाही नसतंच मुळी. दुसरं अर्धं असतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस "बरं, थोडंसं" म्हणून हात धुवायला उठतो, आणि मग पोटभर जेवतो. तिन्ही वेळा विचारणाराही खरा असतो आणि नाही म्हणणाराही. हिरामणभाऊंचं सगळं आयुष्य या रीतीत गेलेलं. त्यांना 'गेर्न' म्हणणं अवघड नव्हतं, जीभ चांगली वळायची. अवघड होता तो हात. मी विहीणबाई होऊन विचारायचो, "म्योश्टन झी एट्वास एसन?" ते म्हणायचे, "या, गेर्न," आणि त्याच क्षणी त्यांचा उजवा हात आपोआप ताटावर आडवा यायचा, आपण वाढणाऱ्याला थांबवायला धरतो तसा. आम्ही दोघं हसायचो. आतून कुंदा, माझी बायको, हसायची. "भाऊ, तोंड जर्मनीले गेलं, हात आसगावातच राहिला," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "तू पहिले मिशी काढ वामन, मंग माझा हात खाली जाईन. अशी विहीणबाई पाहून कोणाचाबी हात वरतच जाईन." मग पुन्हा. हात मांडीखाली दाबून धरायचे आणि पुन्हा.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी त्यांना जितकं हसताना पाहिलं तितकं वहिनी गेल्यानंतर कधी पाहिलं नव्हतं. एकदा तावातावाने आले. प्रज्ञाने 'आबेंडब्रोट' हा शब्द पाठवला होता, संध्याकाळचं जेवण, आणि त्यात पाव, चीज, काकडी असं सगळं थंडच असतं, गॅस पेटवत नाहीत, असं सांगितलं होतं. ज्या घरात सांजेला चूल पेटत नाही त्या घरात कोणीतरी गेलेलं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. "रोजच्या रोज पेटवत नाई म्हणते गा पोरगी. मले सांगून नाई राहिली, काहीतरी आहे." त्यांनी माझ्यासमोर फोन लावून विचारलं, घरात सगळे बरे आहेत ना, खरं सांग. ती पलीकडून इतकी हसली की तिची शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. मग 'माल्त्साइट' आला. दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये येणारे-जाणारे एकमेकांना नमस्कारासारखं हे म्हणतात, अर्थ 'जेवणवेळ'. हा शब्द त्यांना फार आवडला. "म्हणजे आपलं 'जेवले का'च झालं ना." प्रज्ञा म्हणाली, तसंच, फक्त उत्तराला कोणी थांबत नाही. यावर ते म्हणाले, "इथंबी कोण थांबते?" तेव्हा मी हसलो होतो.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे वळतो. ते टाळण्यासाठीच इतका वेळ नकाशा आणि मिशी सांगत बसलो.

हिरामणभाऊ बौद्ध, मी कुणबी. एवढं साधं वाक्य, पण त्यांच्याविषयी बोलताना ते मी आजवर कधी उच्चारलं नव्हतं, कारण आम्ही दोघं 'तसले' नाही असं मी धरून चाललो होतो. शाळेत आम्ही एका डब्यात जेवायचो. त्यांच्या घरी मी कितीदा जेवलो असेन. शांतावहिनी बरबटीची भाजी अशी करायच्या की बोटं चाटावी, आणि आग्रहाला कमी नाही, "घ्या ना वो भाऊजी, पाखराएवढं काय खाता." मी तिथे जेवतो याचा मला अभिमान होता. माझ्या मनात मी फार पुढे गेलेला माणूस होतो. ते माझ्या घरी जेवत नाहीत, हे माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ध्यानात होतं. माय जिवंत होती तोवर ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. हिरामणभाऊंचा चहा त्यात यायचा. प्यायले की ते बोलता बोलताच उठायचे, अंगणातल्या रांजणातून पाणी घेऊन कप विसळायचे आणि कोनाड्यात पालथा ठेवायचे, बोलणं कुठेही न तुटता. त्या वेळी मी दुसरीकडे पाहायचो. आमच्या घरच्या बारशाला, माझ्या मुलाच्या लग्नाला, मायच्या तेरवीला ते आले, सगळ्यांत आधी आले, मांडवात खुर्च्या लावल्या, आणि पंगतीला बसा म्हटलं की म्हणाले, "झालं माझं. घरून जेवूनच निघालो." मी म्हणायचो, बरं.

मायच्या नावावर हे सगळं टाकणं सोपं आहे. मी वर्षानुवर्षं तेच केलं. माय आहे तोवर चालू दे, म्हातारीला कशाला दुखवायचं. मग माय गेली. कोनाड्यातला कप कुंदाने एक दिवस भंगारात टाकून दिला आणि भाऊंना आमच्याच कपात चहा देऊ लागली. मला वाटलं, झालं, संपला विषय. कप गेला, पण त्याच्या जागी ताट आलं नाही. कुंदाने कधी नाही म्हटलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. आता माय नव्हती, मग कोण अडवत होतं? कोणी नाही. एक सवय होती, आणि त्या सवयीत माझी सोय होती... भाऊबंद काय म्हणतील, पुढच्या कार्याला कोण तोंड वाकडं करेल, एवढीच सोय. तेवढ्यासाठी.

शिकवणीच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी मी मास्तरकी करत म्हणालो की भाऊ, असं हवेत नाही जमणार, समोर ताट पाहिजे, त्याशिवाय सराव होत नाही. बोलून गेलो आणि तिथेच अडलो. कारण आता कुंदाला हाक मारायची होती, 'ताट आण' म्हणायचं होतं, आणि ताट आलं की त्यात पुढे काही वाढायची वेळ येणार होती. ते एक क्षण माझ्याकडे पाहत राहिले असतील. म्हणाले, "आज राहू दे." दुसऱ्या दिवशी ते पिशवीत आपलं ताट घेऊन आले. लग्नातल्या आंदणातलं स्टीलचं ताट, काठावर 'हिरामण' कोरलेलं. "आपल्या ताटावर सराव बरा होते गा. हात ओळखते." त्यांनी मला सोडवलं होतं. मला ते तेव्हाही कळलं, आणि मनातल्या मनात मी त्यांचे आभार मानले. आज मला त्या आभारांची सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर एक रिकामं ताट मांडलं जाई. मी रिकाम्या हाताने वाढायचो. "नोख एट्वास?" आणखी थोडं? ते म्हणायचे, "या, गेर्न." मी पुन्हा हवा वाढायचो. शेवटी ते तोंड पुसल्यासारखं करून म्हणायचे, "एस हाट गूट गेश्मेक्ट." छान झालं होतं. मग ताट पुसून पिशवीत घालायचे, "चाल, जातो. भात लावाचा आहे," म्हणायचे आणि पाळीवरून अंधुक उजेडात आपल्या घराकडे जायचे, जिथे खरोखर वाढणारं कोणी नव्हतं. आत आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या. मी ओसरीवरून त्यांची पाठ दिसेनाशी होईस्तोवर पाहायचो. यात कधी काही चुकतंय असं मला वाटलं नाही, असं नाही. वाटायचं. वाटून मग मी आत जेवायला जायचो.

एप्रिलपर्यंत त्यांचा हात खाली राहू लागला. मांडीखाली दाबावा लागत नव्हता. विचारलं की "या, गेर्न," आणि हात शांत, ताट मोकळं. प्रज्ञाला त्यांनी व्हिडिओवर दाखवलं, तिने टाळ्या वाजवल्या. तिकीट आलं, व्हिसा आला. निघायला थोडेच दिवस राहिले होते.

त्या दिवशी तलावातलं पाणी उतरलं होतं म्हणून गावाने मासे काढले होते. घरोघर वाटे गेले. कुंदाने दुपारपासूनच मसाला वाटायला घेतला होता. संध्याकाळी हिरामणभाऊ आले तेव्हा ओसरीपर्यंत रश्श्याचा वास भरून राहिला होता. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वहिनी असताना तलावावरून पहिला वाटा त्यांच्या घरी जायचा आणि वासाने सबंध ओळीला कळायचं. आता एकट्यासाठी कोण मासे साफ करत बसणार, म्हणून त्यांनी आपला वाटा शेजारी देऊन टाकला होता. ते त्यांनीच मला सांगितलं. आम्ही नेहमीसारखा सराव केला. ताट मांडलं, मी वाढलं, ते जेवले, छान झालं म्हणाले. मग कुंदा आतल्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला स्पष्ट कळलं.

मी विचारलं. मराठीत विचारलं. "हिरामणभाऊ, जेवता का?"

त्यांनी मान वर केली. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी सांगतो, बराच वेळ. विहीणबाईंना उत्तर द्यायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता. माझ्या विचारण्यात किती खरेपणा आहे हे ते पाहत होते, असं मला आता वाटतं. आणि मग इतक्या महिन्यांत खाली राहायला शिकलेला तो हात उचलला गेला आणि रिकाम्या ताटावर आडवा आला.

"नाई गा. झालं माझं."

झालं नव्हतं. त्यांचं जेवण या वेळेला कधी झालेलं नसायचं, हे मला माहीत होतं. हे पहिलं नाही होतं. आसगावात जन्मलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या नाहीचा अर्थ काय. पुढची दोन वाक्यं माझी होती. ती मी बोललो नाही. मी म्हणालो, "बरं." का? मी स्वतःला हे बरेचदा विचारलं आहे. त्यांचं ते नाही ऐकून मला बरं वाटलं, हे त्याचं खरं उत्तर आहे. विचारल्याचं समाधान मला मिळालं होतं, आणि माझं घर होतं तसं राहिलं होतं. ते उठले. ताट उचलायला वाकले, मग थांबले. "राहू दे हे इथंच, उद्या यायचंच आहे," म्हणाले. कुंदाला म्हणाले, "वास मस्त सुटला वहिनी." आणि गेले.

मी जेवायला बसलो तेव्हा कुंदाने एवढंच म्हटलं, "आणखी एक डाव म्हणायले काय झालं होतं जी? मी त्यांच्या वाट्याचं धरून रांधलं होतं." मी मान खाली घालून मासे खाल्ले. चांगले झाले होते. सकाळी प्रज्ञाचा फोन आला.

ते भात लावायला म्हणून घरी गेले होते. तांदूळ धुतले, पाणी घातलं, आणि मग बहुतेक त्यांना बरं वाटेना म्हणून जरा आडवे झाले असतील. माझ्या घरी जेवले असते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं नाही, आणि असं म्हणून मी स्वतःला उगाच मोठं करणार नाही. ते उपाशी गेले, एवढंच. माशाच्या वासातून उठून उपाशी गेले.

प्रज्ञा आणि मार्टिन अंत्यविधीला पोचू शकले नाहीत, काही दिवसांनी झालेल्या जलदानविधीला आले. मार्टिन उंच, लाजरा पोरगा, विहारात सगळ्यांच्या मागे मांडी घालून बसला होता आणि त्याचे गुडघे कोणाला लागू नयेत म्हणून धडपडत होता. परत जायच्या आदल्या संध्याकाळी प्रज्ञा एकटीच माझ्याकडे आली. कुंदाने दारातच विचारलं, जेवतेस का बाई. "हो काकू, जेवते," ती म्हणाली. पहिल्याच विचारण्याला. कुंदा क्षणभर गांगरली, मग तिला हात धरून आत घेऊन गेली, आणि तिने प्रज्ञाला आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. मी मांडणीवरून भाऊंचं ताट आणून तिच्यासमोर ठेवलं, कुंदाने त्यात वाढलं. कोरलेलं नाव तिने अंगठ्याने पुसलं, धूळ नव्हती तरी. आणि मी बोलायला लागलो. कप सांगितला, पंगती सांगितल्या, ताट का आलं ते सांगितलं, मासे सांगितले, गंजातले तांदूळ सांगितले. मला वाटलं होतं ती जेवण थांबवेल. तिने थांबवलं नाही, हळूहळू जेवत राहिली. कुंदा चुलीकडे तोंड करून उभी होती.

बऱ्याच वेळाने प्रज्ञा म्हणाली की लहानपणी मैत्रिणींकडे निघाले की बाबा आधी घरी जेवू घालायचे. भूक नसली तरी. तिथे कोणी विचारलं तर 'झालं माझं' म्हणायचं, हे पढवून ठेवलेलं. कारण कधी सांगितलं नाही. कोणाला अडचणीत टाकायचं नाही, एवढंच म्हणायचे. "तिकडे गेले तरी तोंडातून तेच यायचं काका. मार्टिनच्या घरी पहिल्यांदा गेले, त्याच्या आईने विचारलं, मी नको म्हटलं. तिने भांडं उचलून नेलं. मग सगळे जेवत होते आणि मी बसून होते. हॉस्टेलवर येऊन बिस्किटं खाल्ली. असं कितीतरी दिवस चाललं. म्हणून बाबांना सगळ्यात आधी ते वाक्य शिकवलं."

मी विचारलं, मी दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर...

"दुसऱ्यांदाही ते नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर काय म्हणाले असते, मला नाही माहीत." तिने हात धुतले. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. निघताना मी ताट पिशवीत घालून पुढे केलं. तिने पिशवी हातात घेतली, मग परत माझ्या हातात दिली. "हे इथंच असू द्या." तिच्या मनात काय होतं, मला सांगता येणार नाही. ठेव म्हणून दिलं की आठवण राहावी म्हणून, की आणखी कशासाठी...

त्याला आता काही आठवडे झाले. शाळा सुरू झाली आहे. कोंढ्याला मी बसने जातो, खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर पाहावंसं वाटत नाही. संध्याकाळी ओसरीवर बसायला कोणी येत नाही. या शिकवणीत हिरामणभाऊ पाहुण्याची वाक्यं शिकले आणि मी यजमानाची. मला आजही जर्मनमध्ये फक्त विचारताच येतं. भूक आहे का, काही खाणार का, आणखी थोडं वाढू का. अगदी चोख येतं, प्रज्ञाने उच्चाराचं कौतुक केलं होतं.

ताट आमच्याच मांडणीत आहे, आमच्याच ताटांत. कुंदा सगळ्यांबरोबर घासते, आणि कधीकधी तेच माझ्यासमोर येतं. तिने मुद्दाम आणलं की हाताला लागलं म्हणून, मी विचारत नाही. ज्या संध्याकाळी ते येतं त्या संध्याकाळी मी ते घेऊन ओसरीवर जातो, भात, वरण, असेल ती भाजी घेऊन. ताट त्यांच्या जागेसमोर ठेवतो, नाव त्यांच्या बाजूला येईल असं. आणि मराठीतच विचारतो, हळू, कुंदाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, "हिरामणभाऊ, जेवता का?" मग त्यांना हात आडवा धरायला लागायचा तेवढा वेळ थांबतो.

आणि पुन्हा विचारतो.